जुनं नाटक करायचं नाही

आमच्या आप्पांना शिळं काही चालत नसे. सकाळची भाजी संध्याकाळी पानात दिसली की ते ताट हलकेच पुढं सरकवायचे. बोलायचे काही नाहीत, नुसते आढ्याकडं बघत बसायचे. मग आई निमूट उठून पिठलं टाकायची, आणि ती सकाळची भाजी, कालची भाकरी, परवाचं ताक हे सगळं तिच्या पोटात जायचं. घरात शिळं खाणारं एक माणूस असल्याशिवाय बाकीच्यांना ताजं मिळत नाही, हे कळायला मला स्वतःचा संसार मांडावा लागला. आता माझी नातसून फ्रीजमधला दोन दिवसांचा भात काढून त्याला फोडणी घालते आणि सगळे मिटक्या मारत खातात. आप्पा असते तर घर सोडून गेले असते.

नाटकाच्या बाबतीतही त्यांचं तेच. हायस्कुलात संस्कृत शिकवायचे, पण जीव सगळा नाटकात. संध्याकाळी शाळा सुटली की आमच्या घरी त्यांची मंडळी जमायची. मंडळी म्हणजे कुणी शाळामास्तर, कुणी वकिलाकडचा कारकून, एकजण पोस्टातला, दोघं गिरणीच्या हपिसातले, असे दहाबारा लोक. त्यांचा नियम एकच होता, जुनं नाटक करायचं नाही. आपल्या गावातल्या माणसानं लिहिलेलं, आधी कुणी न बघितलेलं, असंच नाटक करायचं. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेला पुण्यामुंबईच्या मोठमोठ्या कंपन्या यायच्या. त्यांच्या नाटकांतली पदं टांगेवाल्यांनासुद्धा पाठ असायची. आप्पा म्हणायचे, अरे, ते लोकांनी चघळून चोथा केलेलं आहे, ते आपण कशाला पुन्हा तोंडात घ्यायचं? गावातले लोक आमच्या मंडळीला 'कोरी मंडळी' म्हणायचे. काही कौतुकानं म्हणायचे, बरेचसे टवाळीनं. कोरं कापड अंगाला टोचतं म्हणे, तशी यांची नाटकं.

त्यात पुन्हा यांचे रिवाज. पहिल्या प्रयोगाला लेखकाला हार घालून पुढच्या रांगेत मधोमध बसवायचं, म्हणजे पाठीमागं लोक हसतात की जांभया देतात ते त्याला तिथल्या तिथं कळावं. नाटक पडलं तर दुसऱ्या दिवशी लेखकाच्या हातात त्याची वही आणि एक नारळ द्यायचा. पुन्हा त्या नाटकाला हात लावायचा नाही. पडलेलं नाटक पडलं म्हणून बंद, आणि चाललेलं नाटक पाचसात प्रयोगांनंतर जुनं झालं म्हणून बंद, असा तो कारभार. आई एकदाच म्हणाली होती, "म्हणजे लेकरू जगलं तरी टाकायचं आणि मेलं तरी टाकायचं की." आप्पा हसले होते. त्यांना तो विनोद वाटला.

घर आमचं भाड्याचं होतं. पुढं एक मोठी खोली, मधे काळोखी माजघर, मागं लांबट स्वयंपाकघर. मागच्या भिंतीला लागून विणकरांची आळी. त्यामुळे पहाटे गिरणीचा भोंगा झाला की मागांची खटखट सुरू व्हायची ती रात्री उशिरापर्यंत. पाहुणे आले की म्हणायचे, बाई, तुम्ही झोपता कशा? आम्हाला उलट ती खटखट थांबली की जाग यायची. संध्याकाळी पुढच्या खोलीत तालीम चालायची आणि मागं आई चुलीपुढं भाकऱ्या थापायची. मंडळींचं खाणं आमच्याकडंच. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर तेल, आणि फार तर कांदा बुक्कीनं फोडून. आईचा हात भाकरीवर जोरात पडायचा. एखादा नाजूक प्रसंग असला की पुढून आप्पांचा आवाज यायचा, "अगं ए, जरा हळू थाप की." मग आई बोटांच्या पेरांनी थापायला लागायची, अजिबात आवाज न करता. तशी भाकरी थापणं किती अवघड असतं ते ज्यानं थापली त्यालाच ठाऊक. पण तिनं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

बायकांची कामं पुरुषच करायचे, ते दिवसच तसे. आमच्या मंडळीत नायिकेचं काम माझा धाकटा भाऊ यशवंत करायचा. माझ्यापेक्षा दीडदोन वर्षांनी लहान. रंगानं उजळ, मान बारीक, आणि आवाज असा की पोथी वाचायला बसला की शेजारच्या बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या. तो मला अक्का म्हणायचा, बाकी सगळ्यांची मी अंबू. प्रत्येक नटाला फक्त त्याच्या त्याच्या भाषणांचे कागद मिळायचे, सबंध नाटक कुणाकडं द्यायचे नाहीत. नवं नाटक आधी बाहेर फुटू नये म्हणून ही खबरदारी. यशवंताची भाषणं मी पाठ करून घ्यायची. मी धान्य निवडत बसायची, तो खांबाला टेकून म्हणायचा, चुकला की मी खडा मारायची. असं करता करता त्याच्या आधी मलाच सगळं पाठ व्हायचं. त्या मंडळीची सगळी नायिकांची कामं मला येत होती, आणि मी एकदाही रंगभूमीवर पाय ठेवला नाही. आज सांगताना मला त्याचं हसू येत नाही, रागच येतो.

ज्या वर्षाचं मी सांगतेय त्या वर्षी नरसूअण्णाचं नाटक आलं. नरसूअण्णा मागच्या आळीतला, तेलुगू विणकरांच्या घरचा. दिवसभर बापाच्या मागावर बसायचा, आप्पांच्या हाताखाली आळीतल्या इतर पोरांपेक्षा चार इयत्ता जास्त शिकला होता, आणि मराठी अशी लिहायचा की आप्पा चाट पडले. बोलताना मात्र त्याचे हेल तेलुगूच. आईला वहिनी म्हणायचा आणि ती दिसली की उभा राहायचा. नाटक त्याच्या आळीतलंच होतं. लक्ष्मी नावाची एक विणकरीण. नवरा मुंबईला गेला तो परतलाच नाही. इतकी वर्षं तिनं माग चालवून सासर पोसलं. शेवटी सासरा आणि दीर तिचा माग विकायचं ठरवतात, पंच बसवतात, आणि तिला त्यांच्यापुढं उभी करतात. सबंध दोन अंक ती बाई जवळपास काही बोलत नाही. हूं, हो, आले, वाढते, एवढंच. शेवटच्या प्रवेशात सासरा म्हणतो, बोल, तुला काय बोलायचंय ते बोल. आणि ती बोलते.

ते भाषण असं होतं. मी आजही झोपेत म्हणून दाखवीन.

"मामंजी, इतकी वर्षं या घरात मी हातांनी बोलले. आज तोंडानं बोलते. माग तुमचा, घर तुमचं. पण मागावर चढवलेला ताणा माझा आहे. तो पुरता विणून होईस्तोवर मला इथनं कुणी उठवायचं नाही."

पहिल्या वाचनाला पुढच्या खोलीत सगळे पुढं सरकून बसले. पोस्टातले गृहस्थ डोळे पुसत होते. आप्पा उठून नरसूअण्णाजवळ गेले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून तसेच उभे राहिले. मी दाराआडून बघत होते. मला वाटलं, आता एवढ्या वर्षांच्या खटाटोपाचं सोनं झालं. नरसूअण्णाच्या घरी मात्र आनंदीआनंद नव्हता. त्याचा बाप म्हणायचा, माग सोडून हा कागद कसला काळा करतोस? लोकांसमोर नाटक उभं राहिलं तर कर, नाही तर पुन्हा लेखणी धरलीस तर बघ. तेव्हा नरसूअण्णाचं सगळं त्या एका प्रयोगावर होतं, आणि प्रयोग होता लक्ष्मीवर, आणि लक्ष्मी म्हणजे आमचा यशवंत.

थिएटर ठरलं, जाहिराती भिंतींवर लागल्या, आणि यशवंताचा घसा बसला. म्हणजे आम्ही सगळे घसा बसला असं म्हणत होतो. एक दिवस भाषण म्हणता म्हणता त्याचा आवाज मधेच चिरकला आणि खाली जाऊन घोगरा निघाला, जसा काही खोलीत दुसराच कुणी बाप्या आला. तो दचकला, मी फिस्सकन हसले, आणि मग खाली मान घालून धान्य निवडायला लागले. मुलाला मिसरूड फुटायला लागलं होतं हो! न्हाव्यालासुद्धा कळलं असतं. पण आमच्या घरात चार शहाणी माणसं, कुणी ते म्हणायला तयार नाही. ज्येष्ठमध झालं, कंकोळ झालं, मिरे तुपात तळून झाले, हळदीचं दूध झालं. मंडळीतला प्रत्येकजण येताना काहीतरी घेऊन यायचा. गुळण्या करून करून पोराचं तोंड सोललं. "थंडी बाधली," आप्पा म्हणायचे. गड्ड्याच्या दिवसांत थंडी असते हे खरं, म्हणून सगळ्यांनी त्या थंडीला घट्ट धरून ठेवलं. यशवंत रात्री अंथरुणात माझ्याकडं तोंड करून हळूच म्हणायचा, अक्का, हे जाणार नाही गं. मी म्हणायची, गप, झोप. दुसरं काय म्हणणार होते?

प्रयोग तोंडावर आला तसे एकेकाचे धीर सुटले. दुसऱ्या कुणाला उभं करावं तर मंडळीत बाकी सगळे मिशाळ बाप्ये, आणि दोन अंक न बोलता वावरायचं ते काम बाहेरच्या कुणाला येत नव्हतं. जुनं नाटक असतं तर गावात दहा लक्ष्म्या मिळाल्या असत्या, कुठल्याही कंपनीतून एखादा मागून आणला असता. पण हे नाटक कोरं. थिएटरचे मॅनेजर मोठे व्यवहारी गृहस्थ होते. ते घरी येऊन बसले, चहा प्याले, आणि आप्पांना म्हणाले की मास्तर, तिकिटं लोकांनी नाटकाची घेतलीत, तुमच्या हट्टाची नाही. तुम्हा सगळ्यांना पाठ असलेलं एखादं जुनं नाटक लावा, पोराला एखादं मुक्याचं काम द्या, आणि हे नवं पावसाळ्यानंतर बघू. किती सरळ गोष्ट होती! मला आजही वाटतं की त्या माणसाच्या पायावर डोकं ठेवावं. आप्पांनी शांतपणे सांगितलं की आमच्या मंडळीत जुनं नाटक होत नाही. मॅनेजर माझ्या आईकडं बघून म्हणाले, "वहिनी, तुम्ही तरी सांगा की यांना." आई कपबशा उचलून आत गेली.

त्यानंतर नरसूअण्णाच पुढं झाला. त्यानं कधी मला पाठ करून घेताना ऐकलं होतं कोण जाणे. एका संध्याकाळी तालीम संपल्यावर तो मागं थांबला आणि आप्पांना खालच्या आवाजात म्हणाला की अंबूताईला सगळं येतंय. यशवंतानं नुसते ओठ हलवावेत आणि अंबूताईनं विंगेच्या कापडामागं बसून बोलावं. कुणाला काय कळतंय?  त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आप्पांनी माझ्याकडं तसं आधी कधी पाहिलं नव्हतं, जसं काही घरात ही मुलगी आहे हे त्यांना आत्ता दिसलं.  "घरात विचारतो," एवढंच म्हणाले.

जेवताना त्यांनी विषय काढला. आई वाढत होती, तिनं भाजीचा डाव पातेल्यात ठेवला. ती म्हणाली, "मोहोळची माणसं पुढच्या आठवड्यात अंबूला बघायला यायलीत. चेहऱ्यावर पदर घेता येतोय, आवाजाला काय पदर असतोय होय? गॅलरीतल्या एका बाईनं ओळखला की झालं. मग पोरगी घरात बसवून ठेवा आणि करा रोज नवी नाटकं." एवढं सलग ती कधी बोलत नसे. आप्पांनी आढ्याकडं पाहिलं. त्यांनी जोर केला असता तर ती नको म्हणाली नसती, पण त्यांनी जोर केला नाही. मला आईचा असा संताप आला की मी ताटावरून उठले आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले. यशवंत माझ्यामागून आला. त्या खरबरीत, कुठल्या कुठं उड्या मारणाऱ्या आवाजात म्हणाला, "अक्का, तू बोलली असतीस तर मी वाचलो असतो." भिंतीपलीकडं नरसूअण्णाच्या घरचा माग चालला होता. आम्ही दोघं तो ऐकत बसलो.

आई वाईट नव्हती. त्या दिवसांत, त्या गावात, तिचं म्हणणं खरंच होतं. आता ऐका गंमत. मोहोळची माणसं आली, पोहे खाल्ले, मला चालवून बघितली, आणि मुलगी उंच आहे म्हणून नकार कळवला. ज्यांच्यासाठी माझा आवाज झाकून ठेवला त्या मेल्यांनी मला एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. माझा आवाज कसा आहे ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

प्रयोगाच्या दिवशी कपड्यांवरून थोडा घोळ झाला. भाड्यानं आणलेलं लुगडं भरजरी होतं, आणि नरसूअण्णा म्हणाला की आमच्या आळीतली बाई असलं नेसत नाही. तेव्हा आईनं आपलं नेहमीचं इरकली लुगडं काढलं, हिरवं, लाल काठाचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. माजघरात यशवंताला उभा करून तिनंच त्याला ते नेसवलं. निऱ्या खोचल्या, पदर डोक्यावरून घेतला, आणि हनुवटी धरून त्याचं तोंड वर केलं. क्षणभर मला वाटलं, आईसमोर आरशात आईच उभी आहे. ती त्याला म्हणाली, "भिऊ नकोस. सावकाश बोल. ती बाई घाईनं बोलायची नाही." ते वाक्य तेव्हा माझ्या नुसतं कानावरून गेलं. मग शाल पांघरून त्याला टांग्यात बसवलं.

थिएटर गच्च भरलं होतं. मागच्या आळीतली सबंध विणकर मंडळी आलेली, नरसूअण्णाचा बाप पागोटं बांधून आलेला. आम्ही बायका वर गॅलरीत, बांबूच्या काड्यांच्या चिकाच्या पडद्याआड. खाली पहिल्या रांगेत मधोमध नरसूअण्णा, गळ्यात झेंडूचा हार, हात गुडघ्यांवर, शाळेतल्या पहिल्या दिवशी पोरगं बसावं तसा. दोन अंक चांगले गेले. अगदी खरं सांगते, चांगले गेले. लक्ष्मीला बोलायचं नव्हतंच. यशवंत आईचं लुगडं नेसून आईसारखा वावरत होता, वाकून पाणी ठेवत होता, पाठमोरा उभा राहत होता, आणि खालची विणकर माणसं आपसांत कुजबुजत होती की बघ, बघ, अगदी आपल्या घरातली. एका ठिकाणी त्याला 'आले' म्हणायचं होतं तिथं आवाज चिरकला आणि मागच्या बाकांवर थोडं हसू फुटलं. मी बोटं मोडली. आई पुढं वाकून बसली होती.

मग शेवटचा प्रवेश. पंच बसलेले, मधे माग मांडलेला, नरसूअण्णाच्या घरून खराच माग सोडवून आणला होता. सासऱ्याचं काम आप्पाच करत होते. ते म्हणाले, "बोल. तुला काय बोलायचंय ते बोल."

यशवंतानं तोंड उघडलं. "मामंजी," एवढा शब्द आला. पण त्यातला 'मा' बाईचा आणि 'मंजी' गड्याचा, भलत्या घोगऱ्या गड्याचा. थिएटर फुटलं. अहो, हसू म्हणजे काय! मागच्या बाकांपासून पुढच्या खुर्च्यांपर्यंत लोंढाच आला. यशवंतानं तोंड मिटलं. हसू ओसरलं तरी मिटलेलंच राहिलं. त्याला भाषण आठवत होतं, मला खात्री आहे, प्रत्येक शब्द त्याच्या ओठांच्या आत उभा होता. पण आता तोंड उघडलं की काय होणार ते त्याला कळून चुकलं होतं. आप्पांनी थोडं थांबून पुन्हा म्हटलं, "बोल. तुला काय बोलायचंय ते बोल." यशवंत गप्प. मागून कुणीतरी ओरडलं, "बोल की गं बाई, आवाज काय गहाण ठेवलास काय?" पुन्हा हशा. आप्पांनी तिसऱ्यांदा म्हटलं, आणि या वेळी ते सासऱ्यासारखे म्हणाले नाहीत, बापासारखे म्हणाले. 

मी केव्हा उभी राहिले ते मला कळलं नाही. चिक माझ्या नाकाला लागत होता. ते भाषण माझ्या गळ्यापर्यंत आलं होतं. एवढ्या उंचावरून, एवढ्या शांततेत, मी म्हटलं असतं तर शेवटच्या बाकापर्यंत गेलं असतं, आणि मी म्हणणारच होते. "मा" म्हणून ओठ मिटले असतील नसतील, तेवढ्यात मागून आईचा हात माझ्या तोंडावर आला. हिंगाचा वास असलेला तो हात. तिनं मला घट्ट धरलं आणि खाली बसवलं. मी धडपडले, पण तिनं सोडलं नाही. तिचा तळवा ओला झाला होता. तसंच मला धरून ती खाली बघत राहिली, आणि खाली माझा भाऊ तिचं लुगडं नेसून उभा होता, आणि आमच्यापैकी कुणालाच काही करता येत नव्हतं. शेवटी कुणीतरी पडदा सोडला. पहिल्या रांगेत नरसूअण्णा हार घालून तसाच बसून होता. त्याचा बाप उठला आणि पोराकडं न बघता बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात चूल उशिरा पेटली. यशवंत भिंतीकडं तोंड करून पडला होता. आप्पांनी नरसूअण्णाची वही काढली, तिच्यावर नारळ ठेवला, आणि ते टोपी घालून निघणार तोच नरसूअण्णा स्वतःच दारात आला. डोळे सुजलेले. तो आत येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसला, जिथं तो एरवी कधी येत नसे. आप्पांनी वही आणि नारळ त्याच्यापुढं ठेवला. म्हणाले की नरसू, चूक तुझी नाही, नाटकाचीही नाही.  नरसूअण्णानं नारळाला हात लावून डोळ्यांना लावला.

"मास्तर, हे मी नेतो. आता लिहायचं नाही म्हणून बापाला शब्द दिला हाय," तो म्हणाला. "पण तेवढं लक्ष्मीचं बोलणं मला एकदा ऐकायचंय. वाचनाला मीच वाचलं होतं, तालमीत यशवंताचा घसा असा. बाईच्या तोंडून ते सबंध कसं लागतंय, ते मी ऐकलंच न्हाय."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी आईकडं पाहिलं. ती चुलीपुढं पाठमोरी बसली होती, भाकरी थापत. घरात बाहेरचं कुणी नव्हतं. ती मान न वळवता म्हणाली, "म्हण." मी उठून उभी राहिले. "मामंजी" म्हणायला तोंड उघडलं आणि मला काल रात्रीचा तो हात तोंडावर जाणवला, आणि असं रडू कोसळलं की शब्दच फुटेना. मी पदर तोंडात कोंबून उभी. यशवंतानं भिंतीकडं तोंड करूनच कानांवर हात ठेवले. नरसूअण्णा म्हणाला, राहू द्या अंबूताई, राहू द्या, आणि वही उचलून उठायला लागला.

तेव्हा थापण्याचा आवाज थांबला.

"मामंजी," आई म्हणाली. तिनं तोंड वळवलं नाही, परातीकडं बघूनच म्हणाली. "इतकी वर्षं या घरात मी हातांनी बोलले." आणि थांबली. केवढा वेळ थांबली! आप्पांनी यशवंताला महिनाभर घोकवून घोकवून ते थांबणं शिकवलं होतं, आणि त्याला ते कधी जमलं नव्हतं. "आज तोंडानं बोलते. माग तुमचा, घर तुमचं. पण मागावर चढवलेला ताणा माझा आहे. तो पुरता विणून होईस्तोवर मला इथनं कुणी उठवायचं नाही."

 यशवंतानं कानांवरचे हात काढले होते आणि तो उठून बसला होता. आप्पांच्या हातातली टोपी खाली पडली ती त्यांनी उचलली नाही. नरसूअण्णानं उंबऱ्यावर डोकं टेकलं, वही आणि नारळ छातीशी धरला आणि मागच्या दारानं निघून गेला. तव्यावरची भाकरी करपली होती. आईनं ती काढून बाजूला ठेवली, स्वतःसाठी, आणि दुसरी थापायला घेतली.

मंडळी त्यानंतर जमली नाही. जुनं करायचं नाही आणि नवं आणायचं कुठून? थिएटरमध्ये पुढं बोलपट लागायला लागले. यशवंताचा आवाज काही महिन्यांत स्थिरावला तो असा भरदार, खर्जातला, की पुढं रेल्वेच्या हपिसात लागल्यावर तो नुसता नाव विचारायचा तर माणसं वळून बघायची. जन्मात तो पुन्हा नाटक बघायलासुद्धा गेला नाही. नरसूअण्णा माग चालवत राहिला. भिंतीपलीकडून ती खटखट यायची तेव्हा आप्पा उगाच पुढच्या खोलीत जाऊन बसायचे.

आईला ते भाषण कधी पाठ झालं, अजून काय काय पाठ झालं होतं, हे आम्ही कुणी तिला विचारलं नाही. आप्पांनी नाही, मी नाही. ती पुढं पुष्कळ वर्षं जगली. संध्याकाळी घर शांत असायचं, पुढच्या खोलीत कुणी नसायचं, जोरात थापली असती तरी चाललं असतं. पण सवय मोडली नव्हती. बोटांच्या पेरांनीच भाकरी थापायची, अजिबात आवाज न करता.